कोंबड्यांच्या आहारातील वनस्पती-अर्क : आधार किती आणि अपेक्षा किती?

एप्रिल आणि मे महिन्यांतील दुपार ही कुक्कुटपालकांसाठी वर्षातील सर्वांत कसोटीची वेळ असते. पाऱ्याने चाळिशी ओलांडली की शेडमधील कोंबड्या चोची उघडून धापा टाकू लागतात, पंख अंगापासून दूर धरून बसतात, खाद्याकडे पाठ फिरवतात आणि पाण्याच्या भांड्यांभोवती गर्दी करतात. पुढील काही दिवसांत अंड्यांची संख्या घटते, कवचे पातळ होतात, मांसल कोंबड्यांचे वजन अपेक्षेप्रमाणे भरत नाही आणि मरतुक वाढते. तमिळनाडूतील नामक्कल असो, हरियाणातील बरवाला असो किंवा महाराष्ट्रातील पुणे-नाशिकचा परिसर असो, उन्हाळ्यातील हे चित्र कमी-अधिक फरकाने सारखेच असते.

याच दिवसांत हळद, आवळा, तुळस, अश्वगंधा, शेवगा, ओवा यांच्या अर्कांपासून तयार केलेल्या पूरक खाद्यांना मागणी वाढते. ‘नैसर्गिक’, ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे’, ‘दुष्परिणामरहित’ अशी विशेषणे त्यांच्या वेष्टनांवर असतात. या विशेषणांमागे विज्ञानाचा आधार आहे का, असल्यास तो किती भक्कम आहे आणि शेतकऱ्याने त्यावर पैसा खर्च करण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, हे समजून घेणे आवश्यक झाले आहे. या अर्कांना आधार निश्चित आहे, मात्र तो मर्यादित आहे आणि मात्रा, शुद्धता व शेडमधील व्यवस्थापन या तीन गोष्टींवर तो पूर्णपणे अवलंबून आहे.

या प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. देशात २०२३-२४ या वर्षात सुमारे १४,२७७ कोटी अंड्यांचे उत्पादन झाले आणि दरडोई उपलब्धता वर्षाला १०३ अंड्यांपर्यंत पोहोचली. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुट पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी १८ लाख होती आणि त्यांपैकी ३१ कोटींहून अधिक पक्षी परसातील कुक्कुटपालनात होते. म्हणजेच हा विषय मोठ्या शेडच्या मालकाइतकाच अंगणात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाचाही आहे.

उष्णतेपासून पेशीपर्यंत

कोंबडीच्या शरीराचे तापमान सामान्यतः ४१ ते ४२ अंश सेल्सियस असते. तिला घामाच्या ग्रंथी नसतात आणि अंगावर पिसांचे आवरण असते. त्यामुळे हवा तापली की शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी तिला प्रामुख्याने श्वासावरच अवलंबून राहावे लागते. जलद श्वासोच्छ्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते आणि रक्ताची आम्ल-अल्कता बिघडते. अंड्याच्या कवचासाठी लागणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या निर्मितीत त्यामुळे अडथळा येतो. उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी मिळण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

याच वेळी पेशींच्या आतही एक घडामोड चालू असते. पेशीतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे, म्हणजे तंतुकणिका, ऑक्सिजनचा वापर करताना काही अतिक्रियाशील रेणू निर्माण करतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. अल्प प्रमाणात ती उपयुक्तही असतात. रोगजंतूंना मारण्यासाठी पांढऱ्या पेशी त्यांचाच शस्त्रासारखा वापर करतात. मात्र उष्णता, दाटी, वाहतूक, लसीकरण, बुरशीयुक्त खाद्य किंवा संसर्ग यांमुळे त्यांचे प्रमाण अनावर झाले, तर ती पेशीपटलांतील मेदाम्लांवर, प्रथिनांवर आणि जनुकद्रव्यावर आघात करतात. लोखंडाला गंज चढावा किंवा तेल खवट व्हावे, त्याच जातीची ही रासायनिक प्रक्रिया आहे. शास्त्रीय परिभाषेत तिला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

या ताणाविरुद्ध पक्ष्याच्या शरीरात स्वतःची संरक्षणव्यवस्था असते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात. यांपैकी शेवटच्या विकराला सेलेनियमची, तर पहिल्याला जस्त, तांबे व मँगनीज यांची गरज असते. जीवनसत्त्व ‘ई’ पेशीपटलात राहून मेदाम्लांचे रक्षण करते. जीवनसत्त्व ‘सी’ कोंबडी स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते, परंतु तीव्र उष्म्यात ही निर्मिती गरजेला पुरी पडत नाही. ऑक्सिडीकरणरोधक, अर्थात अँटिऑक्सिडंट, म्हणून वनस्पती-अर्कांचा विचार होतो तो या पार्श्वभूमीवर. ते या व्यवस्थेला हातभार लावतात. तिची जागा घेत नाहीत.

हा ताण केवळ उन्हाळ्यापुरता नसतो. एकविसाव्या दिवशी पिल्लू अंड्यातून बाहेर येते, तेव्हा ते प्रथमच पूर्णपणे फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते आणि त्याच्या ऊतींना अचानक भरपूर ऑक्सिजन मिळतो. त्या क्षणी त्याचे रक्षण करणारे जीवनसत्त्व ‘ई’ आणि कॅरोटिनॉइड हे घटक आईच्या आहारातून अंड्याच्या बलकात साठलेले असतात. त्यामुळे पिल्लांच्या सुदृढतेची तयारी अंडी देणाऱ्या पैदास कोंबड्यांच्या खाद्यापासूनच सुरू होते.

प्रतिकारशक्तीचा नेमका अर्थ

रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात कोंबडीला विशेष स्थान आहे. पक्ष्यांच्या गुदद्वाराजवळ असलेल्या एका लहान पिशवीसारख्या अवयवाला ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’ म्हणतात. पदुआ येथील शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिशियस यांच्या नावावरून हे नाव पडले. त्यांनी केलेले या अवयवाचे वर्णन १६२१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यानंतर तीन शतकांहून अधिक काळ या अवयवाचे कार्य गूढच राहिले. प्रतिपिंडे तयार करण्याशी त्याचा संबंध असल्याचे अमेरिकेतील ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले. मानवी वैद्यकात आज ज्यांना ‘बी’ पेशी म्हणतात, त्यांच्या नावातील ‘बी’ हे अक्षर याच अवयवावरून आले आहे.

दीर्घकाळ ताणाखाली राहिलेल्या पक्ष्यात कॉर्टिकोस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी वाढते आणि बर्सा, प्लीहा व थायमस हे अवयव आक्रसू लागतात. परिणामी लस देऊनही पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. राणीखेत रोगाचे, म्हणजेच ग्रामीण महाराष्ट्रात ‘मानमोडी’ या नावाने परिचित असलेल्या आजाराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाला भारतात आजच्या उत्तराखंडातील राणीखेत या गावाचे नाव मिळाले. त्यावर प्रभावी लसी उपलब्ध आहेत. परंतु उष्म्याने किंवा खाद्यातील बुरशीविषाने खंगलेल्या कळपात त्याच लसीचा परिणाम उणा पडू शकतो. लसीकरणानंतर प्रतिपिंडांची पातळी चांगली राहावी यासाठी वनस्पती-अर्कांची मदत होते का, हा म्हणूनच संशोधनाचा महत्त्वाचा विषय आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्रतिकारशक्ती ‘वाढवणे’ नेहमीच हितकारक असते असे नाही. दाह म्हणजे प्रतिकारयंत्रणेने पेटवलेली भट्टीच होय. ती विनाकारण धगधगत राहिली तर मांस आणि अंडी यांसाठी वापरले जाणारे पोषण तिच्यातच खर्ची पडते. उत्तम कळपाचे लक्षण म्हणजे गरज पडताच जागी होणारी आणि काम संपताच शांत होणारी प्रतिकारयंत्रणा. अनेक वनस्पतिजन्य घटकांचा संभाव्य उपयोग हा समतोल राखण्यात, विशेषतः अनावश्यक दाह कमी करण्यात आहे.

प्रतिजैविकांची सत्तर वर्षे

वनस्पती-अर्कांकडे जगाचे लक्ष वळण्यामागे प्रतिजैविकांचा इतिहास आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड यांना क्लोरटेट्रासायक्लीनच्या निर्मितीतून उरलेला अवशिष्ट भाग खाणारी पिल्ले अधिक वेगाने वाढत असल्याचे आढळले. त्यानंतर निरोगी पक्ष्यांनाही अल्प मात्रेत प्रतिजैविके देण्याची पद्धत जगभर रूढ झाली. कमी खाद्यात अधिक वजन मिळू लागले, परंतु त्याची किंमत पुढे चुकवावी लागली. अल्प मात्रेतील औषध सतत मिळत राहिल्याने त्याला न जुमानणारे जिवाणू टिकले, वाढले आणि खत, पाणी, मांस व मानवी हात यांच्यामार्फत पसरले.

स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर बंदी घातली. युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून ती पूर्णपणे लागू झाली. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिन या औषधाला निष्प्रभ करणारे आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक आढळल्याचे जाहीर केले. माणसांमधील अतिगंभीर संसर्गावर शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले हे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये निरोगी पशुपक्ष्यांत वाढीसाठी प्रतिजैविके न वापरण्याची शिफारस केली. भारताने त्याच वर्षी प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आणली.

रिकाम्या झालेल्या या जागेत प्रोबायोटिक, सेंद्रिय आम्ले, विकरे आणि वनस्पती-अर्क यांचा प्रवेश झाला. मात्र प्रतिजैविकाचा पर्याय म्हणजे प्रतिजैविकासारखाच परिणाम देणारी वनस्पती, अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे ठरते. स्वीडन आणि डेन्मार्कमधील अनुभव असा की प्रतिजैविके कमी करण्यात यश आले ते प्रामुख्याने स्वच्छता, वायुवीजन, कळपांमधील मोकळा काळ आणि खाद्याची गुणवत्ता सुधारल्यामुळे. पर्यायी पूरक द्रव्ये ही या सुधारणांची जोड होती.

वनस्पती नेमके काय करतात?

वनस्पतींच्या पानांत, सालींत, बियांत आणि कंदांत असलेली फिनॉलवर्गीय द्रव्ये, फ्लाव्होनॉइड, टॅनिन आणि सुगंधी तेले ही मुळात त्या वनस्पतीचीच संरक्षक द्रव्ये आहेत. ऊन, बुरशी आणि कीटक यांच्यापासून बचाव करण्यासाठी ती निर्माण होतात. पक्ष्याच्या शरीरात त्यांचे कार्य तीन मार्गांनी होते, असे आजवरच्या संशोधनातून दिसते.

पहिला मार्ग म्हणजे मुक्त मूलकांना थेट निष्प्रभ करणे. परीक्षानळीत हा परिणाम ठळकपणे दिसतो. परंतु यांपैकी बहुतेक द्रव्ये आतड्यातून रक्तात अल्प प्रमाणातच शोषली जातात. त्यामुळे परीक्षानळीतील यश शेडमध्ये जसेच्या तसे उतरत नाही. या मार्गाचा प्रभाव मुख्यतः आतड्याच्या पोकळीत आणि साठवलेल्या खाद्यात दिसतो.

दुसरा मार्ग अधिक महत्त्वाचा मानला जातो. हळदीतील कर्क्युमिनसारखी द्रव्ये पेशीतील ‘एनआरएफ-२’ नावाच्या नियामक प्रथिनाला जागे करतात. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाऊन संरक्षक विकरे तयार करणाऱ्या जनुकांना चालना देते. म्हणजेच वनस्पतीचा घटक स्वतः लढण्याऐवजी शरीराच्या सैन्याला सज्ज होण्याचा इशारा देतो. यामुळेच अल्प मात्रेतही परिणाम दिसू शकतो आणि मात्रा अनेक पट वाढवल्याने परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही.

तिसरा मार्ग आतड्याशी संबंधित आहे. ओव्यातील थायमॉल, ओरेगॅनोतील कार्व्हाक्रॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड आणि लवंग व तुळशीतील युजेनॉल ही द्रव्ये जिवाणूंच्या पेशीपटलाला छेद देतात. त्याचबरोबर ती पाचक रसांचा स्राव वाढवू शकतात. पक्ष्याच्या प्रतिकारपेशींचा मोठा भाग आतड्याच्या अस्तरात असल्याने, आतडे निरोगी राहणे म्हणजेच प्रतिकारशक्तीला आधार मिळणे होय.

भारतीय वनस्पतींपैकी हळदीचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. मका आणि शेंगदाणा पेंडीत वाढणाऱ्या बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर आघात करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी दगावले आणि त्याचा शोध घेताना शेंगदाणा पेंडीतील हे विष प्रथम उजेडात आले. हळदयुक्त खाद्य दिलेल्या पिल्लांत या विषामुळे होणारी यकृताची हानी काही अंशी कमी झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे. येथे ‘काही अंशी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बुरशी लागलेला मका हळद घालून निर्धोक होत नाही.

आवळ्यात जीवनसत्त्व ‘सी’ आणि टॅनिनवर्गीय द्रव्ये विपुल असल्याने उन्हाळ्यातील पूरक म्हणून त्याचा विचार होतो. शेवग्याच्या पाल्यात प्रथिनांबरोबर क्वेर्सेटिन आणि बीटा कॅरोटिन असते. अश्वगंधेतील विथॅनोलाइड हे घटक ताण सौम्य करणारे म्हणून अभ्यासले जातात. लसणातील ॲलिसिन जंतुरोधक आहे. रोझमेरीच्या पानांतील कार्नोसिक आम्ल तर खाद्यतेल आणि मांस खवट होऊ नये म्हणून युरोपात मान्यताप्राप्त आहे. झेंडूच्या पाकळ्यांतील ल्युटिन बलकाला गडद पिवळा रंग देते आणि पक्षिखाद्यात त्याचा वापर आता नित्याचा झाला आहे.

पुरावा कोठे भक्कम, कोठे कच्चा?

सर्वांत भक्कम पुरावा खाद्य व मांस यांच्या टिकाऊपणाविषयी आहे. मेदयुक्त खाद्य साठवणीत खवट होते आणि खवट खाद्य हेच पक्ष्यासाठी ऑक्सिडीकरणाच्या ताणाचे मोठे कारण ठरते. ते रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इथॉक्सिक्विन या कृत्रिम द्रव्याची परवानगी युरोपीय संघाने २०१७ मध्ये स्थगित केली. त्यानंतर वनस्पतिजन्य पर्यायांचे महत्त्व वाढले.

जिवंत पक्ष्यातील परिणामांविषयी मात्र सावधपणे बोलावे लागते. ग्रीसमधील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ओरेगॅनो तेल दिलेल्या कोंबड्यांचे मांस साठवणीत अधिक काळ चांगले राहिल्याचे आढळले. त्याच प्रयोगात प्रतिकिलो खाद्यात २०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व ‘ई’ दिलेल्या गटाचा परिणाम ५० किंवा १०० मिलिग्रॅम ओरेगॅनो तेलापेक्षा सरस ठरला. वनस्पतीचा परिणाम खरा असतो, पण परिचित जीवनसत्त्वापेक्षा तो श्रेष्ठच असेल असे गृहीत धरता येत नाही, हा त्यातील बोध आहे.

उष्णतेचा ताण, दाटी किंवा बुरशीविष यांच्या प्रभावाखालील पक्ष्यांत अर्कांचा लाभ अधिक ठळकपणे दिसतो. स्वच्छ, थंड आणि उत्तम खाद्य मिळणाऱ्या प्रायोगिक शेडमध्ये तोच लाभ अत्यल्प किंवा शून्य असू शकतो. यात विसंगती नाही. ज्याच्यावर ओझेच नाही त्याला आधाराची गरज भासत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी न जुळण्याचे दुसरे कारण म्हणजे वापरलेल्या द्रव्यात सक्रिय घटक किती होता, याची नोंद अनेकदा अपुरी असते.

चूर्ण, अर्क आणि मात्रेचा प्रश्न

‘पाच किलो हळद प्रतिटन खाद्य’ ही शिफारस वरकरणी स्पष्ट वाटते. प्रत्यक्षात ती अपुरी आहे. सामान्य हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण दोन ते पाच टक्क्यांच्या दरम्यान असते, तर मेघालयातील लाकाडोंग हळदीत ते सात टक्क्यांच्या आसपास जाते. पाच किलो हळद एक टन खाद्यात मिसळली तर प्रतिकिलो खाद्यात पाच ग्रॅम हळद येते. हळदीत दोन टक्के कर्क्युमिन असेल तर पक्ष्याला प्रतिकिलो १०० मिलिग्रॅम, आणि सात टक्के असेल तर ३५० मिलिग्रॅम कर्क्युमिन मिळेल. वजन तेच, रंग जवळपास तोच, मात्रा मात्र साडेतीन पट. म्हणूनच प्रमाणित अर्क, म्हणजे ज्यातील सक्रिय घटकाची टक्केवारी मोजून नमूद केलेली आहे असा अर्क, चूर्णापेक्षा अधिक भरवशाचा ठरतो.

शोषणाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. बंगळूरू येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की काळ्या मिरीतील पिपेरिन कर्क्युमिनसोबत दिल्यास माणसाच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता सुमारे वीस पट वाढते. पक्षिखाद्यातही हळद व मिरी एकत्र देण्याचे प्रयोग याच विचारातून झाले. मात्र पिपेरिन यकृतातील औषधे विघटित करणाऱ्या विकरांनाही मंदावते. त्यामुळे कळपाला एखादे औषध चालू असताना असे मिश्रण पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

सुगंधी तेलांची अडचण वेगळी आहे. मांसल कोंबड्यांचे दाणेदार खाद्य तयार करताना ते वाफेने तापवले जाते आणि त्या उष्णतेत ही तेले उडून जातात. उघड्या पोत्यात साठवलेल्या खाद्यातूनही ती हळूहळू नाहीशी होतात. सूक्ष्म आवरणात बंदिस्त केलेली तेले यावर उपाय ठरतात, पण त्यांची किंमत अधिक असते.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हे समीकरणही तपासून घ्यावे लागते. टॅनिनचे प्रमाण वाढले की प्रथिनांचे पचन घटते. कडू चवीमुळे पक्षी खाद्य कमी खातात. लसणाची मात्रा अधिक झाल्यास अंड्याला वास येऊ शकतो. हळदीच्या भुकटीत रंगासाठी लेड क्रोमेटसारख्या विषारी द्रव्याची भेसळ झाल्याची प्रकरणे दक्षिण आशियात आढळली आहेत. अशी हळद खाद्यातून गेली तर शिसे अंड्यांत व मांसात उतरण्याचा धोका निर्माण होतो. स्वस्त भुकटी अशा वेळी सर्वांत महाग पडते.

हिशेब शेतकऱ्याचा

शेवटी प्रश्न अर्थकारणाचा आहे. एक उदाहरण घेऊ. पाच हजार मांसल कोंबड्यांच्या कळपात प्रत्येक पक्षी दोन किलो वजनापर्यंत वाढतो आणि एक किलो वजनासाठी १.६५ किलो खाद्य लागते, असे मानू. पूरक अर्कामुळे हे प्रमाण १.६२ वर आले, तर प्रतिपक्षी ६० ग्रॅम, म्हणजे संपूर्ण कळपात ३०० किलो खाद्य वाचेल. खाद्याचा दर ४० रुपये किलो धरल्यास बचत १२,००० रुपयांची होईल. पण त्या अर्काचा खर्च प्रतिकिलो खाद्याला एक रुपया असेल, तर लागणाऱ्या १६,२०० किलो खाद्यामागे १६,२०० रुपये खर्च होतील. म्हणजे परिणाम खरा असूनही ४,२०० रुपयांचा तोटा.

आता याच अर्कामुळे उन्हाळ्यात, विक्रीच्या तोंडावर आलेले आणखी ५० पक्षी वाचले असे समजू. ९० रुपये किलो दराने त्यांचे मूल्य ९,००० रुपये होते आणि तोट्याचे रूपांतर ४,८०० रुपयांच्या नफ्यात होते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल असून दर सतत बदलत असतात. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उपयुक्त आहे : वर्षभर सरसकट अर्क देण्यापेक्षा उन्हाळा, लसीकरण, वाहतूक किंवा खाद्यबदल अशा ताणाच्या काळात मोजून देणे आर्थिकदृष्ट्या अधिक शहाणपणाचे ठरते.

स्वतःच्या शेडमध्ये पडताळणी करणे अवघड नाही. एकाच उबवणी केंद्रातून एकाच दिवशी आलेल्या पिल्लांचे दोन सारखे भाग करावेत. खाद्य, पाणी, जागा, लसीकरण सर्व समान ठेवून एका भागालाच अर्क द्यावा. दोन्हीकडील खाद्याचा वापर, आठवड्याचे सरासरी वजन आणि मरतुक यांची नोंद ठेवावी. एका कळपावरून निष्कर्ष काढू नये. निदान तीन कळपांत फरक त्याच दिशेने दिसला तरच त्यावर विश्वास ठेवावा. करार पद्धतीने पक्षी वाढवणाऱ्यांना खाद्य आणि औषधे कंपनीकडून मिळत असल्याने असा निर्णय त्यांच्या हाती नसतो. तरीही खाद्यात काय मिसळले आहे हे विचारण्याचा आग्रह त्यांनी धरायला हवा.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला काही साधे प्रश्न विचारता येतात. सक्रिय घटक कोणता आणि त्याची टक्केवारी किती? प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल मिळतो का? जड धातू आणि बुरशीविष यांची चाचणी झाली आहे का? न सांगता मिसळलेले प्रतिजैविक त्यात नाही, याची लेखी हमी आहे का? दाणेदार खाद्यात घटक टिकतो का? या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळत नसतील, तर वेष्टनावरील विशेषणांना फारसा अर्थ उरत नाही.

जेथे अर्क पुरेसा नाही

काही मर्यादा नि:संदिग्धपणे सांगायला हव्यात. राणीखेत, गंबोरो किंवा देवी या रोगांपासून बचाव लसीनेच होतो. कोणताही अर्क लसीची जागा घेऊ शकत नाही. जिवाणूजन्य रोगाचे निदान झाले असेल, तर पशुवैद्यकाने सांगितलेले औषध योग्य मात्रेत आणि पूर्ण कालावधीसाठी द्यावेच लागते. तसेच औषध थांबवल्यानंतर विक्रीपूर्वीचा विहित काळ पाळावा लागतो. बर्ड फ्लूच्या बाबतीत तर घरगुती उपायांत एक दिवसही दवडणे घातक ठरते. देशातील या रोगाचा पहिला उद्रेक २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर येथे नोंदला गेला होता. अचानक मोठी मरतुक दिसताच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे, पक्ष्यांची ने-आण थांबवणे आणि मृत पक्ष्यांना उघड्या हातांनी न हाताळणे हाच योग्य मार्ग आहे.

उन्हाळ्यापुरते बोलायचे तर छपरावर पांढरा रंग किंवा पाचट, आडव्या वाऱ्यासाठी मोकळ्या बाजू, पंखे व फवारे, थंड व स्वच्छ पाणी, पहाटे आणि सायंकाळी खाद्य देणे आणि शेडमधील गर्दी कमी करणे या उपायांचा लाभ कोणत्याही अर्काहून अधिक आहे. त्यानंतर खाद्यातील जीवनसत्त्वे ‘ई’ व ‘सी’ आणि सेलेनियम यांची पातळी तपासावी. या दोन पायऱ्या झाल्यावर तिसरी पायरी वनस्पती-अर्काची. क्रम उलटा केला तर खर्च होतो, फळ मिळत नाही.

परसातील कुक्कुटपालनात चित्र थोडे वेगळे आहे. मोकळ्यावर चरणारी कोंबडी हिरवा पाला, किडे आणि बिया वेचून खाते आणि त्यातून अनेक संरक्षक घटक तिला आपोआप मिळतात. अशा कुटुंबांनी शेवग्याचा पाला किंवा घरच्या हळदीची चिमूट खाद्यात मिसळल्यास अपाय नाही आणि खर्चही नाही. त्यांच्यासाठी मोठा लाभ मात्र राणीखेतची लस वेळेवर मिळण्यात आणि रात्रीच्या सुरक्षित, कोरड्या खुराड्यात आहे.

देशात या विषयावर संशोधन करण्याची क्षमता उत्तम आहे. बरेलीजवळील इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्था, हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालय आणि राज्यांची पशुविज्ञान विद्यापीठे येथे पक्षिपोषणाचा अभ्यास सातत्याने होतो. भारतीय हवामानात, भारतीय खाद्यावर आणि प्रमाणित अर्कांसह अधिक मोठ्या चाचण्या झाल्या, तर शेतकऱ्याला विशेषणांऐवजी आकडे मिळतील. हळद, आवळा आणि ओवा हे आपल्या स्वयंपाकघराच्या परिचयाचे असल्याने त्यांच्यावर विश्वास चटकन बसतो. तो विश्वास मोजमापाच्या कसोटीला उतरला, तरच प्रतिजैविकांवरील भार कमी होईल. आज कोंबड्यांच्या शेडमध्ये वाचवलेले औषध उद्या रुग्णालयातील खाटेवर उपयोगी पडणार आहे.